साडेपाच-सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर लागतच नाही का? मग बोहेमियन रॅप्सडी कसं लागलं?

नाशिकचा_बाबा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण वाचा आणि माहीत असेल ते सांगा.

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, चार पोरांचा बँड आहे, आमच्या गच्चीवरच्या खोलीत वर्षभर प्रॅक्टिस चालू आहे. त्यांनी एक मराठी रॉक गाणं केलंय गोदावरीच्या पुरावर. सुरुवातीला नुसती गिटार आणि एकट्याचा आवाज, पाणी हळूहळू रामकुंडाच्या पायऱ्या चढतंय, मग दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागतं तिथे ड्रम येतो, छातीला लागतं तेव्हा चौघंही एकदम गायला लागतात आणि शेवटी पाणी ओसरल्यावर परत ती एकटी गिटार. पाच मिनिटं चाळीस सेकंद. बाप आहे म्हणून म्हणत नाही, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा २०१९ चा पूर डोळ्यासमोर उभा राहिला, अंगावर काटा आला.

एका एफएम स्टेशनला ऐकवलं तर तिथल्या माणसाने चांगलंय म्हटलं, पण साडेतीन मिनिटांच्या वर घेणार नाही, सुरुवातीची दोन मिनिटं काढा आणि थेट ड्रमपासून चालू करा. म्हणजे नदी चढायच्या आधीच पूर. पोरं तेव्हापासून गप्प आहेत, ड्रमवाला म्हणतो कापूया, मुलगा म्हणतो मग गाणंच नको.

परवा जेवताना तो म्हणाला, बाबा, क्वीन या इंग्लिश रॉक बँडचं बोहेमियन रॅप्सडी पावणेसहा मिनिटांच्या वर आहे, त्याला धड मुखडा पण नाही, तरी ते इंग्लंडच्या चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत, नऊ आठवडे एक नंबरला होतं, ते कसं? मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरात किशोर आणि रफी, रॉकमधलं मला कळत नाही. तर ही तीन मिनिटांची भानगड आली कुठून, त्या गाण्याला रेडिओने कसं घेतलं आणि चार्टवर नंबर लागतो तो रेडिओवर वाजल्यामुळे की आणखी कशाने? कुणी नीट सांगेल का, मला ते पोरांना सांगायचंय.

रेकॉर्डवेडा

बाबा, तुमचा प्रश्न वाचून उठलो आणि कपाटातून ती सात इंची रेकॉर्ड काढली, ती समोर ठेवूनच लिहितोय. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाली होती, फार वर्षांपूर्वी, कव्हर नव्हतं, नुसती तबकडी.

आधी तीन मिनिटांचं सांगतो. आपल्या आजोबांच्या काळातल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या आठवा, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन, फार तर सव्वातीन मिनिटं मावायची. गवई तासभर मांडायचे तो राग रेकॉर्डवर तीन मिनिटांत आटपायचे तो याच्यामुळेच, आणि सिनेमाची गाणी, इंग्रजी गाणी सगळ्यांचं माप त्याच तबकडीने ठरवलं. मग १९४९ ला ४५ च्या वेगाची सात इंची तबकडी आली, तिच्यात जास्त मावत होतं, पण तोवर कानांना, रेडिओला आणि जाहिरातींच्या वेळापत्रकाला तेच माप पडलं होतं. तबकडी गेली, माप राहिलं.

आता ही माझ्या हातातली. उजेडात तिरकी धरली की दिसतं, खाचा एकमेकींना चिकटून चिकटून थेट मधल्या लेबलापर्यंत गेल्यात. साध्या तीन मिनिटांच्या गाण्याच्या तबकडीवर मध्ये चांगली रुंद मोकळी पट्टी राहते, इथे जवळजवळ नाहीच. ५ मिनिटं ५५ सेकंद बसवायची म्हणजे खाचा जवळ आणाव्या लागतात आणि जवळ आणल्या की आवाज थोडा खाली घ्यावा लागतो. म्हणजे कंपनी लांब गाण्याला नाही म्हणायची ते नुसत्या हट्टाने नाही.

क्वीनच्या बाबतीत झालं ते असं. १९७५ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं. मधला ऑपेराचा, म्हणजे पाश्चात्य संगीत नाटकासारखा भाग बँडमधल्या फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच गायलाय, गाणं लिहिलेलं फ्रेडीचं, तीच तीन माणसं पुन्हा पुन्हा, एकावर एक थर, रोज दहा-बारा तास. २४ ट्रॅकची, म्हणजे शेजारी शेजारी २४ वेगळे आवाज घेता येणारी टेप होती, ट्रॅक संपले की बरेच एकत्र करून दुसऱ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत परत गायचं. टेप यंत्रावरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा तपकिरी लेप झिजला आणि उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागलं. त्याच लेपात आवाज असतो हो! म्हणजे गाणं पुरं व्हायच्या आधीच ते टेपवरून खरवडून निघायला लागलं होतं.

कंपनीचं म्हणणं पडलं की एवढं लांब गाणं सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची छोटी रेकॉर्ड, म्हणून चालणार नाही, कापा. बँड म्हणाला कापणार नाही. तुमच्या मुलाला हे नक्की सांगा.

मग आला केनी एव्हरेट. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर हा निवेदक होता, कॅपिटल म्हणजे १९७३ ला सुरू झालेलं खाजगी स्टेशन, आणि फ्रेडीचा मित्र. त्याला गाण्याची टेप दिली, वर सांगितलं की ही फक्त तुझ्यासाठी, लावायची नाही. देणारे आणि घेणारा दोघांनाही माहीत होतं काय होणार ते. त्याने शनिवार-रविवारात ते १४ वेळा लावलं. सुरुवातीला नुसते तुकडे, मग पूर्ण. सोमवारी लोक दुकानात गेले आणि ते गाणं द्या म्हणाले, तर रेकॉर्ड अजून बाजारात आलीच नव्हती. त्यानंतर कापायचा विषय निघाला नाही.

३१ ऑक्टोबर १९७५ ला रेकॉर्ड निघाली. इंग्लंडच्या चार्टवर पहिल्यांदा ४७, मग १७, मग ९, आणि नोव्हेंबर संपता संपता १. आणि तिथे नऊ आठवडे. जानेवारीच्या शेवटी त्याला खाली आणलं ते अब्बा या बँडच्या मामा मिया या गाण्याने, आणि हे दोन शब्द बोहेमियन रॅप्सडीच्या ऑपेराच्या भागातही आहेत, हा योगायोग मला फार आवडतो.

सातारी_सूर

रेकॉर्डवेडा काका, सगळं सांगितलंत पण आमचं पाचगणी विसरलात, म्हणून मी लिहिते.

नाशिकच्या बाबा, तुमच्या पोरांना सांगा की फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, पारशी घरातला, जन्म झांझिबारचा, आणि शिकला आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. वय आठच्या आसपास असताना आई-वडिलांनी बोर्डिंगला पाठवलं, झांझिबारहून बोटीने मुंबई आणि मग घाट चढून वर. पियानो तो तिथे शिकला, परीक्षा दिल्या, आणि शाळेतल्या पाच मुलांचा बँड होता, द हेक्टिक्स. शाळेच्या कार्यक्रमांत एल्विस, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. त्याच्या सोबत्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलंय की रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा.

मी वाईची, आत्या पाचगणीत राहायची म्हणून सुट्टी तिकडेच जायची. जून-जुलैत तिथे असा पाऊस असतो की पंधरा-पंधरा दिवस कपडे वाळत नाहीत, धुकं खिडकीतून घरात येतं, सिल्व्हर ओकच्या रांगा दिसेनाशा होतात. आत्याच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, धुक्यात तो खरखरायचा आणि मधेच एखादं स्टेशन एकदम स्वच्छ लागायचं, मग सगळे हातातलं काम थांबवायचे. आईवडील हजारो मैलांवर, बाहेर असला पाऊस आणि समोर पियानो, अशा मुलाने काय काय ऐकलं असेल याचा मी नेहमी विचार करते. त्या गाण्यात गॅलिलिओ आहे, बिस्मिल्ला आहे, इटालियन नाटकातली सोंगं आहेत, आणि हे सगळं एका गाण्यात कसं काय म्हणून लोक कोड्यात पडतात. मला नाही पडायला होत. झांझिबार, मुंबई, पाचगणी, लंडन असं बालपण आणि तरुणपण गेलेल्या माणसाच्या डोक्यात हे सगळं शेजारी शेजारीच राहणार ना.

आणि गोदावरीचं गाणं इथे टाका की, आम्हाला पूर्ण ऐकायचंय, सुरुवातीच्या दोन मिनिटांसकट.

रात्रपाळी_एफएम

मी नऊ वर्षं रेडिओत होतो, त्यातली सहा गाण्यांचा क्रम लावण्याच्या कामात, त्यामुळे ती बाजू मी सांगतो. बाबा, त्या माणसावर फार रागावू नका. एका तासाचं घड्याळ आखलेलं असतं, कोणत्या मिनिटाला जाहिराती, कोणत्या मिनिटाला निवेदक, ट्रॅफिक, मग गाणं. सकाळी आठ ते दहा जाहिरातीच इतक्या असतात की सहा मिनिटांचं एक गाणं घेतलं की दुसरं एक बाहेर जातं. शिवाय पहिली दोन मिनिटं नुसती हळू गिटार असली की गाडीत बसलेला माणूस बटण दाबून पुढच्या स्टेशनवर जाईल ही भीती कायम डोक्यावर असते. भीती खरी आहे, पण दरवेळी बरोबर नसते, आणि हे मी त्या खुर्चीत बसलेला माणूस म्हणून सांगतोय.

तुम्ही विचारलंत चार्टचा नंबर कशावर लागतो. इंग्लंडमध्ये तेव्हा नंबर लागायचा फक्त विक्रीवर, ठरलेल्या काही दुकानांकडून कुठली रेकॉर्ड किती खपली त्याच्या नोंदी यायच्या, त्यावरून यादी बनायची. रेडिओवर हजार वेळा वाजलं आणि दुकानात कुणी गेलंच नाही तर नंबर शून्य. अमेरिकेत बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये विक्री आणि रेडिओवर वाजणं दोन्ही धरायचे. म्हणून एव्हरेटने १४ वेळा लावलं त्याने नंबर मिळाला नाही, त्याने लोक दुकानापर्यंत चालत गेले आणि नंबर त्यांनी दिला.

आपल्याकडे बिनाका गीतमाला होतीच की. १९५२ ला रेडिओ सिलोनवर सुरू झाली, बुधवारी रात्री आठला अमीन सायानी, आणि पायऱ्या ठरायच्या त्या दुकानांतली रेकॉर्डची विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मतं यावरून. त्याच वर्षी माहिती खात्याचे मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार होत गेलं आणि आख्खा देश सिलोनकडे वळला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण एका स्टेशनने दार बंद केलं म्हणून लोकांनी गाणी ऐकायची सोडली नाहीत, त्यांनी काटा फिरवला.

उलटं उदाहरण पण आहे, लेड झेपलिन या बँडचं स्टेअरवे टू हेवन. १९७१ चं, आठ मिनिटांचं. ते अमेरिकेत सिंगल म्हणून विकायलाच काढलं नाही, त्यामुळे तिथल्या सिंगल्सच्या चार्टवर ते नव्हतंच, पण एफएमवर लोक फोन करकरून मागायचे. तेव्हा तिकडे एएम स्टेशन छोटी गाणी लावायची आणि एफएमवाले अख्ख्या अल्बममधली लांब गाणी लावायला लागले होते.

माझं सांगणं असं की सकाळच्या वेळेसाठी भांडू नका. रात्री दहानंतरचे कार्यक्रम बघा, तिथे घड्याळ सैल असतं आणि निवेदकाला थोडी मोकळीक असते. स्टेशनच्या ऑफिसात नाही, त्या निवेदकाला गाठा. मी स्वतः रात्री साडेअकराला एकदा नऊ मिनिटांचं गाणं लावलं होतं, एकही फोन तक्रारीचा आला नाही, तीन फोन आले आणि तिघांनीही गाण्याचं नाव विचारलं.

परदेशी_पाटील

न्यू जर्सीहून लिहितोय. रेकॉर्डवेडा यांचं सगळं बरोबर, फक्त एक पुस्ती, नाहीतर पोरांना वाटेल की लांब गाणं चालण्याचा चमत्कार पहिल्यांदा १९७५ लाच झाला. तसं नाही. बॉब डिलनचं लाइक अ रोलिंग स्टोन १९६५ चं, सहा मिनिटांच्या वर, अमेरिकेत दोन नंबरला गेलं, रेडिओवाल्यांना ते दोन बाजूंना अर्धं अर्धं तोडून पाठवलं होतं आणि श्रोत्यांनी पूर्ण लावा म्हणून मागणी केली. १९६८ ला बीटल्सचं हे जूड, सात मिनिटांच्या वर, इथे नऊ आठवडे एक नंबर. डॉन मॅक्लीनचं अमेरिकन पाय साडेआठ मिनिटांच्या वर, १९७२ ला एक नंबर, रेकॉर्डच्या दोन बाजूंना वाटून. त्यामुळे माझं मत रात्रपाळींपेक्षा थोडं वेगळं आहे, दोन आवृत्त्या करायला हरकत नाही, पण छोटीच्या शेवटी लोकांना कळलं पाहिजे की पूर्ण गाणं दुसरीकडे आहे.

अमेरिकेत बोहेमियन रॅप्सडीला इंग्लंडइतकं सोपं गेलं नाही. इथल्या आरकेओ रेडिओ साखळीच्या पॉल ड्रूने लंडनमध्ये एव्हरेटच्या कार्यक्रमात ते ऐकलं, टेप मिळवली आणि इथे लावलं, म्हणून कंपनीला काढावं लागलं. तरी १९७६ मध्ये ते ९ नंबरपर्यंतच चढलं. पुढचं मात्र कुणी लिहिलं नाही अजून. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी एड्सने गेला. डिसेंबरमध्ये इंग्लंडमध्ये रेकॉर्ड परत काढली आणि परत एक नंबर, पाच आठवडे, आणि त्यातून आलेले पैसे एड्सवर काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले. तेच गाणं, तेच रेकॉर्डिंग, १९७५ आणि १९९१ अशा दोन नाताळांना एक नंबर. मग १९९२ ला वेन्स वर्ल्ड सिनेमात गाडीतली पोरं त्या गाण्यावर माना झटकतात तो सीन आला आणि इथे सोळा वर्षांनी ते दोन नंबरला गेलं. २०१८ ला फ्रेडीवरच्या सिनेमानंतर पुन्हा हॉट १०० मध्ये आलं.

मी १९९२ ला मुंबईत कॉलेजला होतो, केबलवर स्टार टीव्ही नुकताच आलेला, त्यावर एमटीव्ही, शेजारच्यांकडे जाऊन बघायचो. तिथेच या गाण्याचा व्हिडिओ बघितला, काळ्या अंधारात चार चेहरे, वरून प्रकाश, कुणीच हलत नाही आणि आवाज मात्र शंभर माणसांचा. शेजारच्या काकू भाजी निवडत होत्या, त्या पण हात थांबवून बघत राहिल्या. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, हे कुठल्या देवाचं आहे रे?

नाशिकचा_बाबा

काय लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. काल रात्री पोरं आली होती, चौघांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. आरपार दिसणाऱ्या टेपचं ऐकून ड्रमवाला गप्पच झाला, आणि पाचगणीचं त्यांना माहीतच नव्हतं, लगेच गाड्या काढून जायचं म्हणत होते, मी म्हटलं आधी परीक्षा.

मी सुद्धा पहिल्यांदाच ते गाणं हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. इंग्रजी सगळं कळलं नाही, पण तो पोरगा सुरुवातीला आईशी बोलतो तिथे घसा दाटून आला.

आता एक नवीन भांडण सुरू झालंय. गाणं नेटवर टाकायचं तर लिहिणाऱ्याचं नाव कुणाचं? शब्द माझ्या मुलाचे, चाल त्याची आणि गिटारवाल्याची, पण ड्रमवाला म्हणतो पुराचा सगळा चढ माझा आहे आणि ते खरंही आहे. यात काय पद्धत असते?

शिवोलीचो

बाबा, गोंयकार आहे, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. पहिल्या प्रश्नावर एकच सांगतो, आमच्या गावचा रेमो फर्नांडिस. १९८४ ला त्याने घरातच छोट्या चार ट्रॅकच्या मशीनवर गोअन क्रेझी अल्बम रेकॉर्ड केला, सगळी वाद्यं स्वतःच वाजवली, आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानांत कॅसेट स्वतः नेऊन दिल्या. रेडिओने लावायची वाट बघितली नाही. माझ्या बाबांनी त्यातली एक अजून ठेवलीय, कॅसेटवरची अक्षरं पुसलीत पण वाजते.

रेकॉर्डवेडा

बाबा, नावावरून आठवलं, रेकॉर्ड अजून टेबलावरच आहे, उलटी करून बघतोय. दुसऱ्या बाजूला रॉजर टेलरचं आयम इन लव्ह विथ माय कार आहे. ड्रमवाला तो. रेकॉर्ड विकली की दोन्ही बाजूंच्या गाण्यांच्या लेखकांना सारखेच पैसे मिळायचे, लोकांनी कुठल्या बाजूसाठी घेतली ते कुणी विचारत नाही. म्हणजे लाखो लोकांनी फ्रेडीच्या गाण्यासाठी पैसे मोजले आणि टेलरलाही तितकेच मिळाले. यावरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफूस राहिली. शेवटी १९८९ च्या द मिरॅकल अल्बमला त्यांनी ठरवलं की गाणं कुणीही लिहिलेलं असो, नाव क्वीनचं, चौघांचं. चौघांनाही एकत्र यायला चौदा वर्षं लागली, तुमच्या पोरांनी आजच कागदावर लिहून टाकावं, अगदी साध्या वहीत, चौघांच्या सह्या आणि तारीख.

नाशिकचा_बाबा

लिहिलं. मुलाच्या जर्नलच्या मागच्या पानावर, चार सह्या, साक्षीदार म्हणून मी आणि आई. गाण्याला नाव बँडचं. कापणार नाहीत, पूर्ण पाच चाळीस रविवारी टाकतायत, इथे लिंक देतो. आणि रात्रपाळी साहेब, आमच्या इकडचा रात्री साडेदहाचा एक कार्यक्रम ऐकायला सुरुवात केलीय, निवेदक मुलगी आहे, परवा तिने सात मिनिटांची एक गझल पूर्ण लावली. तिलाच पाठवतोय.